सहावी 'ब'चा चंद्र

१४ जुलै, सोमवार

आज मला विज्ञान मिळालं. मागितलं नव्हतं, मिळालं. चैताली मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी येईपर्यंत सहावी 'ब'चं विज्ञान मी घ्यायचं, असं मुख्याध्यापक रंगराव सरांनी सकाळी मस्टरवर सही करताना सांगून टाकलं. मी म्हटलं, "सर, मी मराठीची आहे." सर मान वर न करता म्हणाले, "पुस्तक मराठीतच आहे, रतन मॅडम."

मी पुस्तक उचललं.

वर एक कानमंत्रही दिला. वर्गात 'माहीत नाही' असं कधी म्हणायचं नाही, 'उद्या बघू' म्हणायचं. पोरं उद्यापर्यंत विसरतात.

घरी आले तर आई मटकी निवडत बसली होती. तिला सांगितलं. "दहावीला विज्ञानात किती होते गं तुला?" "काठावर पास." "मग पोरांनाही काठावरच बसव. मध्ये नेऊ नकोस, बुडतील." सत्तरी उलटली तरी कांताबाईंच्या जिभेला काही गंज चढत नाही.

मला खरंच भीती वाटते आहे. कविता शिकवताना चुकलं तर कवितेला काही होत नाही.

१७ जुलै, गुरुवार

पहिला तास बरा गेला. वनस्पतींचा धडा होता. बाहेर भुरभुर पाऊस, लांबून लष्कराच्या बँडचा सराव ऐकू येत होता, आणि पानांविषयी वाचता वाचता मी स्वतःच कुठेतरी निघून गेले. पानाच्या खालच्या बाजूला बारीक तोंडं असतात आणि झाड त्यांतून श्वास घेतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळलं. शाळेच्या फाटकातल्या जुन्या पर्जन्यवृक्षाकडे बघत किती वेळ गप्प उभी होते कोण जाणे. आयुष म्हणाला, "मॅडम, पुढची ओळ."

मग खिडकीजवळच्या बाकावरून अलिझाने हात वर केला. खडकी बाजारात लष्करी गणवेश शिवणाऱ्या अकबरभाईंची ही मुलगी. "मॅडम, ती तोंडं तुम्ही बघितलीत?"

"उद्या बघू," मी म्हटलं.

मराठीच्या तासाला ही पोरगी तोंड उघडत नाही. विज्ञानाच्या तासाला हिला नेमकं हेच सुचावं! जरा आगाऊच वाटली.

२२ जुलै, मंगळवार

चैताली मॅडमच्या वार्षिक नियोजनात श्रावण महिन्यापुढे लिहिलंय, 'उपक्रम: महिनाभर चंद्राच्या कलांचं निरीक्षण.' मी खूश झाले. चंद्र म्हणजे माझं घरचं कार्य. चंद्रावर मी मुलांकडून इतके निबंध लिहून घेतलेत की आकाशातला खरा चंद्र बघायची वेळच आली नाही. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून तसाही दोन इमारतींमधला आकाशाचा एक पट्टाच दिसतो.

योगायोग म्हणजे खगोलप्रेमींच्या एका संस्थेचं पत्रकही आजच आलं. दिवाळीच्या सुट्टीत भोरच्या पुढे एका टेकडीवर मुलांचं शिबिर आहे, मोठी दुर्बीण लावणार आहेत. प्रत्येक शाळेतून एकच मूल. अट अशी की त्याचा चंद्रनिरीक्षणाचा तक्ता पूर्ण भरलेला हवा. वर्गात वाचून दाखवलं तर नुसता गलका झाला.

मधल्या सुट्टीत अलिझा शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "मॅडम, दुर्बिणीतून चंद्रावरचे खड्डे दिसतात?"

"दिसतात."

"तुम्ही..."

"नाही गं बाई, मी नाही बघितले."

ती हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेत, ते आज पहिल्यांदा दिसले. म्हणाली, "मग मी बघून येते आणि तुम्हाला सांगते." जणू निवड झालीच. अब्बूंना विचारून ठेवलंय म्हणे, शाळेने पाठवलं तर ते जाऊ देणार आहेत. नाहीतर एकटीला कुठे पाठवत नाहीत.

२६ जुलै, शनिवार

कालपासून श्रावण लागला आणि आमचा उपक्रमही. प्रत्येकाने रोज चंद्र पाहायचा, तक्त्यात काढायचा, शेजारी रात्रीची वेळ लिहायची. वर्गाच्या भिंतीवर मी माझा स्वतःचा नमुन्याचा तक्ता लावलाय, काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या खडूने. मुलांसमोर आदर्श असावा.

संध्याकाळी खिडकीशी उभी राहिले. पट्ट्यात नुसते ढग, गोधडीसारखे जाडजूड. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर द्वितीया होती. द्वितीयेला बारीक कोर असते, ती सोमवारी जाऊन काढायची. तिथी काही ढगांना विचारून बदलत नाही.

काल रात्री स्वप्नात मी फळ्यावर चंद्र काढत होते आणि तो हळूहळू फळ्यावरून घरंगळत बाकांखाली जात होता. मुलं पाय वर घेऊन बसली होती. छान वाटलं. किती दिवसांनी स्वप्न पडलं!

२८ जुलै, सोमवार

तक्ते बघितले. बहुतेकांच्या कोरी सुबक, पुस्तकातल्यासारख्या उभ्या. निकिताने तर कंपास लावून काढली आहे. अलिझाची तेवढी कलंडलेली, पाटीवरून घसरल्यासारखी. मी लाल पेनाने शेजारी नीट काढून दाखवली.

"मॅडम, पण तशीच होती. ढगांतून थोडा वेळ दिसली, तर वाकडीच होती."

"पुस्तकात बघ बरं कशी आहे ती."

तिने पुस्तक बघितलं. मग रबराने पुसून उभी काढली. आगाऊ वाटली तरी ऐकते हो पोरगी.

४ ऑगस्ट, सोमवार

कपडे वाळत नाहीत. चार दिवस झाले सूर्याचं दर्शन नाही, घरभर ओल्या कपड्यांचा वास, आणि कांताबाई पंख्याखाली साडी धरून बसलेल्या. पण मला असले दिवस आवडतात. शिक्षकखोलीत चहाचा कप हातात धरला की आपण कुठल्या शहरात, कुठल्या सालात आहोत याचा विसर पडतो.

आज तक्ते तपासले आणि ऊर भरून आला. मुलं किती मन लावून करताहेत! आयुष, निकिता, सौरभ, सगळ्यांचा चंद्र रोज थोडा थोडा जाड होत गेलाय, अष्टमीला बरोबर अर्धा, काल त्याहून मोठा. माझ्या भिंतीवरच्या तक्त्याशी लावून पाहिलं, तंतोतंत!

एकट्या अलिझाचा तक्ता म्हणजे नुसता आनंद. ढग. ढग. ढग. एक दिवस 'अर्धा, पण लगेच गेला'. पुन्हा ढग. ढगसुद्धा मन लावून काढलेत, प्रत्येक वेगळा. एक तर ताकाच्या भांड्यासारखा.

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. हिला शिबिराला जायचंय, आणि ही अशी! वर्गासमोर विचारलं, "बाकीच्यांना दिसतो तो चंद्र तुलाच का दिसत नाही?"

"ढग होते, मॅडम."

"अगं, सगळ्या खडकीवर एकच आकाश आहे ना?"

वर्ग हसला. तिने खाली बघितलं. मी तक्त्यावर 'अपूर्ण' असा शेरा मारला आणि तिच्या भल्यासाठी बजावलं, "रंगराव सर पूर्ण तक्ताच पुढे पाठवणार आहेत. आतापासून नीट भर." कडक बोलले, पण कधीकधी बोलावं लागतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

काल अंगारकी झाली. सौरभने आज हात वर करून सांगितलं, "मॅडम, काल चंद्र नऊच्या पुढे उगवला!"

"पाहिलास?"

"आईनं उपास सोडला ना."

मी खूप हसले. घरी येऊन आईला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "काल तर धो धो पडत होता. मी विहारातून येताना छत्री उलटी झाली. त्या बाईनं काय बघून सोडला उपास?"

"कॅलेंडर बघून. सगळे तसाच सोडतात."

"मग पोरांना बाहेर कशाला उभं करतेस? कॅलेंडर वर्गात टांग आणि मोकळी हो."

आईला विज्ञान कळत नाही. निरीक्षणाला महत्त्व असतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

उद्याच्या झेंडावंदनाच्या तयारीसाठी सकाळी लवकर मैदानावर जमलो होतो. बऱ्याच दिवसांनी आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ निघालं होतं. रांगा लावत होते तेवढ्यात कोणी तरी पदर ओढला. अलिझा.

"मॅडम, तिकडे."

मुळा नदीच्या बाजूला, पर्जन्यवृक्षाच्या शेंड्याच्या जरा वर, चंद्र! भर सकाळी. पांढरा, पातळ, अर्ध्याहून थोडा जास्त, एका कडेने झिजलेला. घरातलं कोणी रात्रीचा दिवा बंद करायचं विसरलं असावं, तसा. मागून आगगाडीचा भोंगा वाजला, मुलं 'एक दो एक' करत होती, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. दिवसा चंद्र दिसतो, हे मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर दिसत असणारच, पण मी मान वर केली नव्हती. किती तरी सकाळी हा माझ्या डोक्यावर असेल आणि मी खाली रस्त्यातले खड्डे चुकवत शाळेत आले असेन.

"तुला कसं कळलं गं?"

"मी चार दिवस बघतेय. संध्याकाळी ढग असतात आणि आता तर उशिरा उगवतो, तोवर मला दादी झोपवते. मग मी सकाळी बघते. रोज जरा जरा वर असतो. तक्त्यात लिहू ना, मॅडम?"

मी खुळ्यासारखी हो म्हणणारच होते. मग तक्ता आठवला. त्यात रकाना आहे 'रात्रीची वेळ'. सकाळच्या चंद्राला रकानाच नाही. संस्थेने तक्ता परत पाठवला तर? मी म्हटलं, "सकाळचा नको लिहूस बाळा, चालणार नाही. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरमध्ये दिलेली असते. ती बघ आणि भर. सगळे तसंच करतात."

"बघितला नसेल तरी?"

"तो असतोच ना वर."

ती रांगेत जाऊन उभी राहिली. मी मात्र दिवसभर तरंगत होते. मराठीच्या तासालासुद्धा दोनदा खिडकीबाहेर बघितलं, तोवर मावळला होता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

काय पाऊस म्हणायचा हा! सोमवारपासून थांबला नाही. नदीचं पाणी पुलाला लागायला आलं, मध्ये शाळाही बंद ठेवावी लागली. आज पोरं ओल्या चपलांनी आली.

पण एक गोड बातमी. अलिझाचा तक्ता पूर्ण झाला! पहिल्या दिवसापासून कालपर्यंत एकही रकाना रिकामा नाही. जुने ढग पुसून तिथेही चंद्र काढलेत, रेखीव, उभे, शेजारी वेळा. सोमवारचा, मंगळवारचा, कालचा, एकेक बारीक होत गेलेली कोर. निकितापेक्षा सरस! मी मोठ्याने वाचून दाखवलं, तारा काढून दिला, टाळ्या वाजवायला लावल्या.

ती जागेवर बसली. आज तिने एकही प्रश्न विचारला नाही. सावल्यांचा धडा सुरू केला, तिथेही नाही. तास कसा शांत झाला. विज्ञान आता मला जमायला लागलंय.

रंगराव सरांना म्हटलं, अलिझाचं नाव पाठवू या. ते म्हणाले, "सोमवारी बघू. पण चांगली निवड आहे."

२४ ऑगस्ट, रविवार

घरी येऊन आधी वही उघडली.

स्काऊटच्या टोप्या अकबरभाईंकडे शिवायला टाकल्या होत्या, त्या आणायला संध्याकाळी गेले. शिबिराची गोष्टही कानावर घालावी म्हटलं. ते मशीन थांबवून उठले, स्टूल पुसून दिलं. "मॅडम, टोप्या तयार आहेत. पण चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. अम्मी वर गच्चीवर आहे, आज आमच्या महिन्याची एकोणतिसावी, चाँद बघायचा दिवस. तुम्हीपण या." दुकानावरच त्यांचं घर, त्याच्यावर गच्ची.

वर अलिझाची दादी, बिलकिसबी, पश्चिमेकडे तोंड करून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या. आणखी दोन-तीन गच्च्यांवर माणसं उभी होती. समोर ढगांची भिंत, तिच्या कडेला थोडा केशरी उजेड. सगळी खडकी श्वास धरून बसल्यासारखी वाटत होती. मला वाटलं, इथेच बसावं, कोणी उठ म्हणू नये.

मी विचारलं, "दादी, कॅलेंडरात लिहिलेलं असतं ना कधी आहे ते?"

त्या हसल्या. "कॅलेंडर को क्या दिखता बेटा? अपनी आँख को दिखा तो दिखा. नहीं तो नहीं. बादल है तो महिने के तीस दिन पूरे करते. चाँद पे झूठ नहीं बोलते."

उजेड विझला. चंद्र दिसला नाही. थोड्या वेळाने कोणाच्या तरी फोनवर खबर आली की दुसऱ्या गावी दिसलाय, चाँद कमिटीने जाहीर केलं. माणसं एकमेकांना मुबारक म्हणत खाली उतरली. दादी म्हणाल्या, "हमको तो नहीं दिखा. जिनको दिखा, उनकी गवाही."

मी म्हटलं, "अलिझा कुठे आहे? तिला तर चंद्र फार आवडतो. तिचा तक्ता वर्गात पहिला आलाय."

दादींनी माझ्याकडे बघितलं. "पहले रोज आती थी ऊपर. बारिश में भी, छत्री लेके. सुबह फजर की नमाज को मेरे साथ उठती थी. अब नहीं आती. मैं बुलाती हूँ तो बोलती है, दादी, वो कॅलेंडर में है. मॅडमने बोला है."

चहा घेतला की नाही, आठवत नाही. जिन्यात अलिझा भेटली. माझ्या हातातल्या टोप्यांची पिशवी घेऊन दुकानापर्यंत आली. मला तिच्याकडे बघवेना.

घरी येताना सबंध रस्ताभर सगळं एकेक करून समोर येत गेलं. वाळत नसलेले कपडे. धो धो पडणारी अंगारकी. सोमवारपासूनचा पाऊस आणि त्या पावसातली रेखीव कोर. अख्ख्या वर्गाने एक महिना चंद्र काढला आणि तो बघत होती एकटी एक मुलगी. तिलाही मी थांबवलं. माझा भिंतीवरचा तक्ता तर सगळ्यांत आधी खोटा. मी विज्ञान शिकवलं नाही, नक्कल शिकवली, आणि वर तारे वाटले.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळी वर्गात गेले आणि भिंतीवरचा माझा तक्ता उतरवला. म्हटलं, "हा मी कॅलेंडर बघून भरलाय. यातला एकही चंद्र मी पाहिलेला नाही. एकच पाहिला, तो चौदा तारखेच्या सकाळी अलिझाने दाखवलेला, आणि नेमका तोच यात नाही." मग ओल्या फडक्याने सगळे चंद्र पुसले.

आधी निकिता उभी राहिली. रडवेली झाली होती. "मॅडम, मी पण." मग आयुष. मग सौरभ म्हणाला, "मी एकदा बघितला होता, पण तो बहुतेक रस्त्यावरचा दिवा होता." सगळे हसले आणि मग एकेक करून सगळेच उभे राहिले.

अलिझा बसून होती. मी तिच्या बाकापाशी गेले. "तू ढग काढले होतेस, ते बरोबर होते. माझं चुकलं. ते परत काढशील?"

तिने तक्ता पुढे केला. रबराने कागद खरखरीत झाला होता. त्यावरून तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, "आता मला आठवत नाही, मॅडम, कुठल्या दिवशी कुठला ढग होता ते."

इतकी वर्षं शिकवते आहे, इतकं अपराधी मला कधी वाटलं नव्हतं.

वर्गाने ठरवलं, भाद्रपदात पुन्हा पहिल्यापासून. दिसला तर काढायचा, नाहीतर रकाना मोकळा. वेळ कुठलीही चालेल.

दुपारी रंगराव सरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मॅडम, बाकीच्या शाळांतसुद्धा श्रावणच होता. त्यांचे तक्ते येतीलच ना पूर्ण? आपणच कशाला हरिश्चंद्र? मुलगी चांगली आहे, तक्ता सुंदर आहे, सही करतो. उद्या शेवटचा दिवस."

अलिझाला व्हरांड्यात गाठून विचारलं. "खरं सांगितलं तर बहुधा शिबिर जाईल. काय करू?"

"मला जायचंय," ती म्हणाली. फक्त एवढंच, अगदी सरळ.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तक्ता पिशवीत होता. पाठवायचा, बस. कोणाला कळणार होतं? पोरीचं कल्याण झालं असतं. सकाळी आईला विचारलं.

"पाठव की," ती भाकरी थापत म्हणाली. मग तव्यावर टाकून म्हणाली, "फक्त एक सांग. दुर्बिणीतून बघून आल्यावर ती जे सांगेल, ते तू खरं मानशील का? आणि ती स्वतः मानेल?"

मधल्या सुट्टीत मी संस्थेला फोन लावला. सांगितलं की आमच्याकडे पूर्ण तक्ता एकही नाही, पण एक मुलगी आहे, तिला पाठवायचंय, आणि तिचा तक्ता का बिघडला तेही सांगितलं. पलीकडचे गृहस्थ चांगले होते. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "मॅडम, कौतुक वाटतं तुमचं. पण पूर्ण तक्त्यांचीच इतकी नावं आलीत की जागा उरलेली नाही. पुढच्या वर्षी जरूर पाठवा." पुढच्या वर्षी ही सातवीत जाईल, आणि पत्रक सहावीसाठी आहे.

अलिझाला मी स्वतः सांगितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. शाळा सुटल्यावर माझ्याकडे न बघता गेली.

संध्याकाळी मी पहिल्यांदाच आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेले. टाक्यांच्या मागे ढग फाटला होता आणि त्यात कोर. कलंडलेली! पुस्तकातल्यासारखी उभी नाही, एका कुशीवर रेललेली, झोपेत वळलेल्या बाळासारखी. मी तिथे भिजल्या कठड्याला टेकून उभी राहिले. आई गुडघे धरत एकेक पायरी चढून आली, बघितलं, म्हणाली, "वाकडी आहे की गं." "वाकडीच असते," मी म्हटलं. आणि मग मला रडू आलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

गणपती-गौरीची सुट्टी संपून काल शाळा उघडली, आज विज्ञानाचा तास होता. सुट्टीभर मला एकच घोर होता, पोरगी पुन्हा वर जाईल की नाही. दुर्बीण गेली ती गेली. पण माझ्यामुळे तिने बघणंच सोडलं असलं तर ते मी कुठून परत आणू?

नवे तक्ते बघितले. दृश्य मजेशीर होतं. मोकळे रकानेच रकाने. निकिताने चतुर्थीपुढे लिहिलंय, 'आज चंद्र बघायचा नसतो, आळ येतो, म्हणून बघितला नाही.' इतकं खरं वाक्य या वर्गात महिन्याभरात कोणी लिहिलं नव्हतं. आयुषची कोर कलंडलेली आहे. सौरभने एका दिवशी 'झोप लागली' असं लिहिलंय.

अलिझाचा तक्ता सगळ्यांत शेवटी उघडला. कोरा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे रकाने मोकळे. विचारायला तोंड होतं कुठे! तक्ता मिटून तिला परत दिला.

ती घेईना. उभी राहिली. "मॅडम, एक सांगू? मोकळ्या रकान्याचे दोन प्रकार पाहिजेत."

"कसले गं?" किती तरी दिवसांनी तिचा आवाज ऐकत होते.

"एक म्हणजे बघितलंच नाही. आणि दुसरा म्हणजे बघितलं, पण दिसला नाही. दोन्ही मोकळेच ठेवले तर कळणार कसं?"

वर्ग विचारात पडला. मीही. मग विचारलं, "आणि तुझे कुठले?"

"माझे सगळे दुसरे."

मी खडू तिच्या हातात दिला, फळा मोकळा करून दिला आणि तिच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले.